स्मार्ट शहराचा हिशेब निर्णयांवरून मांडावा

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

स्मार्ट शहरांविषयी जे छापून येते, त्यात शहरात किती कॅमेरे बसले, किती किलोमीटर ऑप्टिकल फायबर जमिनीखाली गेली आणि नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरचा पडदा किती मोठा आहे, याची माहिती भरपूर असते. ही सगळी खर्चाची बाजू झाली. या तंत्रज्ञानामुळे शहराची आर्थिक वाढ होईल, असे विधान पुढच्याच परिच्छेदात सहजपणे केलेले असते. परंतु ती वाढ कोणत्या वाटेने होते, पैसा कोठे वाचतो आणि तो कोणाच्या हाती पडतो, हे क्वचितच सांगितले जाते. त्या वाटेविषयी चार शब्द लिहावेत, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. माझे म्हणणे असे की, यंत्राने गोळा केलेल्या माहितीमुळे कोणाचा तरी एखादा निर्णय बदलला, तरच त्या यंत्रातून आर्थिक लाभ होतो. निर्णय पूर्वीसारखेच होत राहिले, तर यंत्राचे फक्त वीजबिल तेवढे भरावे लागते.

मुळात शहरे संपन्न का होतात, हे आधी पाहायला हवे. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार जगाच्या एकूण उत्पादनापैकी ८० टक्क्यांहून अधिक वाटा शहरांचा आहे. काम देणारा आणि काम करणारा, माल बनवणारा आणि घेणारा, जाणकार आणि शिकाऊ ही सगळी मंडळी शहरात एकमेकांपासून जवळ असतात, आणि या जवळिकीतूनच शहराची उत्पादकता येते. मात्र त्याच दाटीमुळे वाहतूक कोंडी, पाण्याची टंचाई, महाग जागा आणि प्रदूषण यांचाही बोजा पडतो. दाटीच्या लाभातून दाटीचा बोजा वजा केला की जे उरते, ती शहराची खरी कमाई. तंत्रज्ञान हा बोजा हलका करू शकते, आणि आर्थिक वाढीतील त्याचे मुख्य काम हेच आहे. एखाद्या कामगाराला कामावर पोहोचायला कधी चाळीस मिनिटे लागतात, तर कधी दीड तास. त्यामुळे तो रोज दीड तास हाताशी धरूनच घराबाहेर पडतो. प्रवासाचा वेळ मुळीच घटला नाही, पण तो ठरावीक झाला, तरी त्या माणसाचा रोजचा बराच वेळ मोकळा होतो आणि आजवर लांब वाटणारी नोकरी त्याच्या आवाक्यात येते. अनिश्चिततेचा हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच तो कमी झाल्याचे श्रेयही कोणी घेत नाही.

पाणीपुरवठ्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तेथे वाया जाणारा पैसा शब्दशः जमिनीत मुरत असतो. शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येक विभागात पाणी जेथून शिरते तेथे मीटर बसवला आणि चोवीस तास दाबाने पुरवठा ठेवला, तर रात्री दोन ते चारच्या दरम्यानचे आकडे फार काही सांगून जातात. त्या वेळी बहुतेक लोक झोपलेले असतात, नळ बंद असतात, आणि तरीही जलवाहिनीतून जे पाणी वाहत राहते, त्यातील मोठा हिस्सा गळतीचा असतो. काल रात्रीपेक्षा आज रात्रीचा आकडा एकदम वाढला, तर त्या विभागात कोठेतरी नवी फूट झाली, एवढे तरी निश्चित होते. मग वाहिनीवर ठिकठिकाणी बसवलेली, गळतीचा आवाज टिपणारी उपकरणे ती जागा काही मीटरच्या टप्प्यात आणून देतात. येथवरचे सगळे काम यंत्राचे झाले. मात्र सकाळी दुरुस्ती पथक त्या जागी गेले नाही, तर मीटर दुसऱ्या रात्री तोच वाढलेला आकडा पुन्हा इमानेइतबारे दाखवणार, आणि पाणी वाहतच राहणार.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हे या बाबतीत अभ्यासण्याजोगे शहर आहे. १९९३ मध्ये तेथे शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाण्याचे पैसेच मिळत नव्हते. काही पाणी गळत होते, तर काही चोरीला जात होते किंवा बिलाविना वापरले जात होते. साधारण दीड दशकात हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आले. त्यासाठी वापरलेली साधने आजच्या मानाने अगदी साधी होती: प्रत्येक जोडणीला मीटर, संगणकावर तयार होणारी बिले आणि जलवाहिन्यांतील दाब व प्रवाह यांवर देखरेख. फरक पडला तो या माहितीवर काम करण्याच्या शिस्तीमुळे. गळती कळली की कोणत्याही वेळी निघणारी पथके होती, आणि बिल न भरणाऱ्याची जोडणी, मग तो कितीही वजनदार असो, तोडण्याचा निर्णय होता. याच जलप्राधिकरणाचे समभाग २०१२ मध्ये कंबोडियाच्या शेअर बाजारात नोंदवले गेले, आणि त्या बाजारात नोंदली गेलेली ती पहिलीच कंपनी होती. दिवाळखोरीच्या काठावरची पाणीपुरवठा संस्था वीस वर्षांच्या आत गुंतवणूकदारांपुढे ताठ मानेने उभी राहिली. आर्थिक वाढ म्हणजे आणखी काय असते? शिवाय पाणी भरवशाचे झाले की टाकी, पंप आणि टँकर यांवर घरांनी व छोट्या उद्योगांनी स्वतंत्रपणे केलेला खर्च वाचतो, तो वेगळाच.

वाहतुकीच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही, आणि येथे तंत्रज्ञानाचे समर्थक थोडे घाईने बोलतात, असे माझे मत आहे. लॉस एंजेलिसने १९८४ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने संगणकीकृत सिग्नल यंत्रणा सुरू केली आणि २०१३ पर्यंत शहरातील सुमारे ४,४०० सिग्नल एकमेकांशी जोडले. एवढे करूनही त्या शहराची कोंडीबद्दलची ख्याती पुसली गेली नाही. कारण उघड आहे. रस्ता थोडा मोकळा झाला की पूर्वी कोंडीला कंटाळून घरी थांबणारा किंवा बसने जाणारा माणूस आपली गाडी बाहेर काढतो, आणि मोकळी झालेली जागा पुन्हा भरते. सिग्नलचे वेळापत्रक सुधारल्याने इंधन आणि वेळ वाचतो, यात शंका नाही. पण वाहनचालकाचा मूळ निर्णय त्याने बदलत नाही, आणि त्यामुळे लाभाला मर्यादा पडते.

स्टॉकहोमने तो निर्णयच बदलायचे ठरवले. जानेवारी ते जुलै २००६ या काळात शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वाहनांवर, दिवसाच्या वेळेनुसार कमी-जास्त होणारे शुल्क प्रयोग म्हणून आकारण्यात आले. कॅमेरे वाहनांचे क्रमांक टिपत, आणि गर्दीच्या वेळी शुल्क जास्त असे. हद्द ओलांडणारी वाहतूक जवळपास २० टक्क्यांनी घटली. प्रयोग संपल्यावर सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतले गेले. सुरुवातीला या योजनेला कडाडून विरोध करणाऱ्या शहराने अल्प बहुमताने ती स्वीकारली, आणि ऑगस्ट २००७ पासून ती कायमची झाली. आजूबाजूच्या ज्या पालिकांनी आपल्याकडे मत घेतले, तेथील कौल विरोधात गेला, हेही नमूद करायला हवे. शुल्काचा भार बाहेरून येणाऱ्यांवर पडतो, ही तक्रार निराधार म्हणता येत नाही. या प्रयोगातील कॅमेऱ्यांइतकीच त्याची रचना मला महत्त्वाची वाटते. प्रयोगाला आरंभ होता, अंत होता, आधीची आणि नंतरची मोजदाद होती आणि ती लोकांपुढे ठेवलेली होती. प्रयोग संपताच शुल्क थांबले आणि वाहने लगोलग परतली. तेव्हा शुल्काचा परिणाम काय होता, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

तंत्रज्ञानाने नवे आर्थिक व्यवहार कसे उभे राहतात, हे पाहायचे तर दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील रात्रीच्या बससेवेकडे पाहावे. रात्री उशिरा सुटणारे कामगार, सफाई कर्मचारी, उपाहारगृहांतील नोकर आणि ग्राहकाची गाडी चालवत त्याला घरी सोडून मध्यरात्रीनंतर परतणारे भाडोत्री चालक यांच्यासाठी मेट्रो बंद झाल्यावर टॅक्सीखेरीज पर्याय नव्हता, आणि टॅक्सी परवडत नव्हती. नेहमीच्या पद्धतीने मार्ग आखायचे तर अधिकाऱ्यांनी दिवसाच्या गर्दीवरून अंदाज बांधले असते. त्याऐवजी २०१३ मध्ये महानगर प्रशासनाने एका दूरसंचार कंपनीकडून रात्रीच्या सुमारे तीन अब्ज कॉलच्या नोंदी, व्यक्तींची ओळख काढून टाकून, घेतल्या. मध्यरात्रीनंतर माणसे कोठे असतात आणि त्यांची घरे कोठे आहेत, हे त्यांवरून ताडून बसचे नऊ मार्ग निश्चित करण्यात आले. यात रस्ता खणला गेला नाही आणि नवी इमारत उभी राहिली नाही. जी माहिती आधीपासूनच कोणाच्या तरी संगणकात पडून होती, तिने मार्ग आखण्याचा निर्णय बदलला. रात्रपाळीच्या माणसाला घरी परतण्याची सोय झाली की रात्रपाळी स्वीकारणारी माणसे वाढतात आणि त्यांच्या मिळकतीचा मोठा हिस्सा भाड्यात जात नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी ही अप्रत्यक्ष पगारवाढच असते.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे माहिती खुली करणे. २००५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर काम करून बस व रेल्वेच्या वेळापत्रकांसाठी एक सामाईक मांडणी तयार केली. आज जगभरातील वाहतूक संस्था तिच्या आधारे आपली वेळापत्रके प्रसिद्ध करतात. लंडनच्या परिवहन संस्थेने स्वतःचे ॲप बनवण्याच्या मागे लागण्याऐवजी आपली माहितीच खुली केली, आणि त्यावर शेकडो ॲप इतरांनी उभारले. प्रवासी, शहर आणि ती संस्था यांना मिळून वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत लाभ होतो, असा अंदाज डेलॉइट या सल्लागार कंपनीने २०१७ मध्ये मांडला. अंदाज त्या संस्थेसाठीच केलेला असल्याने तो थोडा हात राखून वाचावा, हे बरे. तरी दिशा स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशातून गोळा झालेली माहिती एकाच पुरवठादाराच्या कुलपात ठेवली, तर तिचा उपयोग त्या पुरवठादाराच्या कल्पनाशक्तीइतकाच होतो. ती खुली केली, तर दोन-चार जणांच्या छोट्या कंपनीलाही काही सुचू शकते, आणि शहरातील नवे रोजगार बहुधा अशाच ठिकाणाहून निघतात.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील चॅटनूगा या मध्यम आकाराच्या शहरात वीजपुरवठा करणाऱ्या सार्वजनिक संस्थेने फायबरचे जाळे टाकले. त्याचा एक उपयोग स्वयंचलित स्विचसाठी झाला. झाड पडून तार तुटली, तर हे स्विच बिघाडाचा तुकडा आपोआप वेगळा काढतात आणि उरलेल्या भागाची वीज दुसऱ्या वाटेने सुरू ठेवतात. त्याच जाळ्यावरून २०१० मध्ये शहरभर एक गिगाबिट वेगाची इंटरनेट सेवा देण्यात आली. एकच खोदकाम करून दोन कामे साधली, आणि वीज जाण्याने थांबणारे कारखान्यांचे तासही वाचले. करवसुलीचेही असेच आहे. सिएरा लिओनमधील फ्रीटाउन शहराने २०२० च्या सुमारास उपग्रहचित्रांच्या आधारे मालमत्तांची नोंद नव्याने केली, तेव्हा पालिकेच्या दप्तरातील मालमत्तांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. करदर न वाढवता कराचा पाया रुंदावणे हे कोणत्याही पालिकेला हवेच असते. मात्र ज्यांची घरे आजवर नोंदीबाहेर होती, ती नेहमीच बड्या लोकांची असतात असे नाही, याचे भान आकारणीत ठेवावे लागते.

आता अपयशाविषयी. दक्षिण कोरियातील सोंगदो हे समुद्रात भराव घालून वसवलेले शहर सेन्सर, दूरदृश्य संवाद आणि हवेच्या दाबाने कचरा ओढून नेणाऱ्या नळ्या यांसह कोरी पाटी घेऊन उभारले गेले. सगळी यंत्रणा जागच्या जागी होती, पण माणसे आणि कंपन्या मात्र ठरवलेल्या वेगाने आल्या नाहीत. टोरांटोच्या किनाऱ्यावर गूगलच्या भगिनी कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलेला संवेदकांनी भरलेला वसाहत प्रकल्प मे २०२० मध्ये सोडून देण्यात आला. कंपनीने महासाथीमुळे आलेल्या आर्थिक अनिश्चिततेचे कारण दिले, तरी रहिवाशांची माहिती कोणाच्या मालकीची, या प्रश्नाने तो प्रकल्प आधीपासूनच अडखळत होता. शहर संगणकावर जितके अवलंबून राहील तितका संगणक बंद पडण्याचा धोकाही वाढतो. मे २०१९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या यंत्रणेत खंडणीखोर सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकातील माहिती कुलूपबंद करून ती सोडवण्यासाठी पैसे मागणारी आज्ञावली, शिरले. पाणीपट्टीच्या बिलांपासून घरांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदींपर्यंत अनेक कामे ठप्प झाली. खंडणी न देता यंत्रणा पूर्ववत करण्याचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न मिळून शहराला सुमारे १.८ कोटी डॉलरचा फटका बसला, असा अंदाज शहर प्रशासनानेच दिला. घराचा व्यवहार अडकलेल्या कुटुंबांचे नुकसान त्या आकड्यात नाही.

माहिती गोळा करताना कोण वगळला जातो, हा प्रश्नही आर्थिकच आहे. बॉस्टनमध्ये २०१२ च्या सुमारास एक ॲप आले होते. गाडीत ठेवलेला मोबाइल रस्त्यावरचा हादरा टिपून खड्ड्याची जागा पालिकेला कळवत असे. कल्पना सुरेख होती. मात्र ज्या वस्त्यांत स्मार्टफोन आणि मोटारी कमी, तेथून खड्ड्यांची माहितीही कमी येणार, आणि तेवढ्यावर विसंबून दुरुस्तीचा पैसा वाटला तर तो आधीच सुस्थितीत असलेल्या रस्त्यांकडे वळणार, हे लक्षात आल्यावर तेथील अधिकाऱ्यांनी आपल्याच रस्ते-तपासनीसांच्या गाड्यांत ते ॲप वापरायला दिले. दोष ओळखून दुरुस्त करण्याइतकी सजगता तेथे होती. ती सगळीकडे असेलच असे नाही.

अखेरचा मुद्दा देखभालीचा. तो रुक्ष आहे, म्हणून बहुतेक चर्चांतून गळतो. चौकातील सिग्नलला गाडी आल्याचे कळावे म्हणून रस्त्याखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते. रस्ता खोदताना ते तुटले किंवा बिघडले, तर सिग्नल चालवणारे अनेक नियंत्रक गाडी उभीच आहे असे समजून त्या दिशेला दर फेरीत ठरलेला कमाल वेळ हिरवा दिवा देत राहतात. मोकळ्या रस्त्याला हिरवा आणि भरलेल्या रस्त्याला लाल, अशी स्थिती होते, आणि साध्या घड्याळावर चालणारा जुना सिग्नल यापेक्षा बरा होता असे म्हणण्याची वेळ येते. हे वेटोळे बदलायला लागणारा खर्च मूळ यंत्रणेच्या मानाने किरकोळ असतो, पण तो कोणत्या विभागाच्या अंदाजपत्रकात मोडतो, रस्ते विभागाच्या की वाहतूक विभागाच्या, हे ठरलेले नसते. भांडवली खर्चाला निधी मिळतो, उद्घाटन होते. तीन-चार वर्षांनी देखभालीचा करार संपला की उपकरणे एकेक करून मुकी होत जातात आणि पडद्यावर मात्र जुनेच आकडे झळकत राहतात.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, अशा प्रत्येक प्रकल्पाच्या निविदेबरोबर प्रशासनाने काही प्रश्नांची उत्तरे छापावीत. या यंत्राच्या माहितीवरून कोणत्या पदावरील अधिकारी कोणता निर्णय घेणार आहे, आणि तो किती वेळात? आज होत असलेला तोटा, मग तो पाण्याचा असो, वेळेचा असो किंवा विजेचा, मोजून कोठे नोंदवला आहे का? गोळा झालेली माहिती कोणाच्या मालकीची, आणि पुरवठादार बदलला तर ती दुसऱ्या यंत्रणेत वापरता येईल का? देखभालीचा दहा वर्षांचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली दाखवला आहे? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही, तर त्या खरेदीची घाई करू नये. वृत्तपत्रांनाही एक विनंती करावीशी वाटते. नियंत्रण कक्षाच्या उद्घाटनाची बातमी जरूर द्यावी. पण एका वर्षाने तुमच्या वार्ताहराने तेथे पुन्हा जावे, पडद्यावरील इशाऱ्यांपैकी किती इशाऱ्यांवर प्रत्यक्ष काम झाले याची नोंदवही मागावी, आणि नोंदवहीच नसेल तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे.

कळावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक